अकरा मरणं आणि तीन वाक्यं

दिवाळी अंकात कुणी आपल्या नोकरीधंद्याचे अनुभव लिहिले असले की तुम्ही काय करता ते मला माहीत आहे. आधी फोटो बघता. फोटोत टक्कल, चष्मा, खांद्यावर शाल. मग म्हणता, कुणीतरी निवृत्त साहेब दिसतात, धरणबिरण बांधलं असेल, आणि पान उलटून चकलीकडे हात नेता. तर थांबा. माझं वय सत्तावीस आहे. टक्कल नाही. शाल आहे, पण ती पेणच्या एका गणपती मंडळाने दिलेली आणि फोटोपुरती ट्रंकेतून काढलेली. मी कशातूनच निवृत्त झालेलो नाही, कारण मला कुणी कशात घेतलेलंच नाही. मी नकला करतो.

संपादकांचं पत्र आलं, 'आपल्या व्यवसायातले अनुभव लिहून पाठवा.' वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "दिन्या, ह्याला व्यवसाय कधीपासून म्हणायला लागले?" तेव्हा वडिलांच्या समाधानासाठी माझ्याबद्दल थोडं आणि एका खऱ्याखुऱ्या धंदेवाईक नटाबद्दल जास्त लिहितो. हा नट अठ्ठावन्नाव्या वर्षी धंद्यात आला, पहिल्याच दिवशी मेला, आणि तेव्हापासून त्याला कामाची ददात पडली नाही.

पण आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं नक्कल घशातून करतात. घसा काय, सगळ्यांकडे असतो. नक्कल करायची तर समोरचा माणूस श्वास कुठे घेतो ते बघायचं. आमचे शाळेतले हेडमास्तर "शांतता" म्हणायच्या आधी नाकाने एवढा मोठा श्वास ओढायचे की फळ्यावरचा खडू उडेल. मी वर्गात नुसता तो श्वास ओढला तरी पोरं हसायची. पुढचा शब्द मी वर्गाबाहेर उभा राहून म्हणायचो. एस्टीचा कंडक्टर श्वास वाक्याच्या मधे घेतो, शेवटी कधीच नाही. शेवटी घेतला तर तेवढ्यात पासिंजर सुट्टे मागतो. माणूस कुठे थांबतो ते सापडलं की माणूस सापडला.

मला एकच माणूस सापडत नव्हता. नाना.

नाना हमरापूरचे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत ते आखणी करायचे. कारखाना म्हणजे भोंगा आणि धुरांडं नव्हे. घराला लागून लांबडी पडवी, आत फळ्यांवर गणपतीच गणपती, आणि मधून चालायला जेमतेम वाट. सुट्टीत मी तिथे रंगाला जायचो. मला अंगाचा रंग मारायला द्यायचे, फार लाडात आले तर उंदीर. डोळ्यांना हात लावणारा माणूस वेगळा. मूर्ती कितीही सुबक असो, डोळा बिघडला तर गिऱ्हाईक पाट घेऊन माघारी जातं. नाना एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नुसते डोळे आखत फिरायचे. ब्रश टेकायच्या आधी श्वास बंद. वरच्या पापणीची रेघ, खालची रेघ, बुबुळ. डोळा पुरा होईपर्यंत श्वास नाही. मग "हंऽऽ" करून सोडायचे. तोवर कारखान्यात कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. एकदा मी शिंकलो तर मला बाहेर काढून दिवसभर रंगाचे डबे घासायला लावलं होतं.

असं चाळीस वर्षं. काम सुरू झालं की नानांचा श्वास बंद, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. हे तेवढं लक्षात ठेवा. पुढे ह्याच्यापायी मला खाटेखाली जावं लागतं.

एका आषाढात नानांचा हात हलला. गणपती किंचित तिरळा झाला. नानांनी तो डोळा आपल्याच हाताने पुसला आणि परत आखला. परत हलला. तिसऱ्या मूर्तीपुढे ते नुसते बसून राहिले. मग उठले, ब्रश धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि विलासच्या, त्यांच्या मुलाच्या, हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून नाना ओट्यावर बसून रस्त्याने जाणारी माणसं बघायला लागले. काकी, म्हणजे नानांची बायको, खाडीकडची. मिठागरवाल्यांची लेक, त्यामुळे बोलणंही तसंच. मला बोलली, "दिन्या, ह्यांना कुठंतरी घेऊन जा रे. दिसभर माझ्या भाकरीकडं टक लावून बघतात. भाकरी फुगत नाय माझी."

तेव्हा नवीन नवीन चॅनल निघत होते आणि मुंबईची मंडळी मालिका काढायला आमच्याकडे यायची. आमच्याकडे डोंगर, नदी आणि फुकट उभे राहणारे बघे असे तिन्ही होते. मी शूटिंगला गर्दीची माणसं पुरवायचो. रोह्याला नदीकाठी असंच एक शूटिंग लागलं, तर मी नानांना घेऊन गेलो. म्हटलं, निदान काकीची भाकरी तरी फुगेल.

सीन होता बुडून मेलेल्या म्हाताऱ्याचा. मुंबईहून आणलेला म्हातारा मरायला तयार होता, पण त्याचं पोट लोहाराच्या भात्यासारखं वरखाली. माशी बसली की नाक उडवायचा. डायरेक्टरसाहेब टोपी आपटून ओरडले, "मरता येत नाही तर येता कशाला?"

मी पुढे झालो. "साहेब, आमचे नाना आहेत. चाळीस वर्षांचा अनुभव."

कसला अनुभव ते साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ह्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

नाना वाळूत आडवे झाले. "ॲक्शन" झालं आणि नाना मेले. माशी आली. नाकावरून ओठावर, ओठावरून पापणीवर, सगळी जागा बघून गेली. नाना ढिम्म. "कट" झालं, सगळे चहाकडे पळाले, तरी नाना तसेच. मेकअपवाला दादा टॉवेल घेऊन त्यांना उठवायला गेला, हात लावला, आणि टॉवेल टाकून बोंबलत आला, "साहेब, म्हातारा खरंच गेला!"

तेवढ्यात मागून "हंऽऽ". नाना उठून बसले. "झालं काय?"

परतीच्या एस्टीत मी विचारलं, "नाना, केलंत काय एवढा वेळ?"

"काय नाय रे. मिटल्या पापणीच्या आत डोळा आखत होतो. डावा झाला, उजवा घेतला, उजव्याचं बुबुळ राहिलं होतं. तेवढं पुरं केलं." मग खिडकीबाहेर बघत बसले. पेण जवळ आलं तेव्हा परत माझ्याकडे वळले. "आत हात हालत नाय रे, दिन्या."

झालं. नाव पसरलं. मढ्याचं काम सोपं वाटतं, पण तसं नसतं. जिता माणूस उचलला की आपोआप अंग सावरतो, उचलणाऱ्याला मदत करतो. मेलेला करत नाही. नाना अंग असं सोडून द्यायचे की उचलणारे चौघे शिव्या घालायचे आणि डायरेक्टर खूश व्हायचे. काम घेताना नानांचा एकच प्रश्न असायचा, "कशानं मेलोय?"

"काय फरक पडतो, आजोबा?"

"पडतो ना. सापानं मेलेला आणि सुनेच्या बोलण्यानं मेलेला सारखाच पडंल काय?"

आणि खरंच वेगवेगळे पडायचे. सापाने मेले तेव्हा पायाची बोटं वळलेली. सुनेने मेले तेव्हा तोंड भिंतीकडे.

घरी काकीचा कायदा कडक होता. मरून आलं की आधी विहिरीवर आंघोळ, मग उंबऱ्यात मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट, मग चहा. "कपाळाला कुंकू लावते मी, आन् हे रोज तिरडीवर निजतात," असं ती शेजारणीला सांगायची, पण नानांनी कुठल्या सिरियलमधे किती वेळ तोंड दाखवलं तेही त्याच दमात सांगायची.

मग खांब गावचं शूटिंग झालं. अकरावं मरण. खांबला हायवेच्या कडेने अंत्ययात्रा काढायची होती. नाना तिरडीवर, नाकात कापूस, अंगावर गुलाल. दोनदा ट्रकचा हॉर्न वाजला म्हणून परत घेतलं. तिसऱ्या वेळी एक एस्टी हळू झाली. आतल्या लोकांनी हात जोडले. आम्हाला वाटलं, वा, काय खरं वाटतंय. पण त्या एस्टीत हमरापूरचा एक जण होता. त्याने नानांना ओळखलं, आणि आम्ही पॅकअप करून, खांबच्या टपरीवर भजी बांधून घेऊन, निवांत निघेपर्यंत तो गावात पोचला होता.

आम्ही घराशी आलो तर अंगणात माणूस मावत नव्हता. बाया रडत होत्या. कुणीतरी बांबूही तोडून आणले होते, आणि ते लांबीला बरोबर आहेत का ह्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं. नाना गर्दीत घुसले, हातात भज्यांचा पुडा. "कोण गेलं रे?"

काकी आधी रडली. मग हातात आलं ते फेकून मारायला लागली. त्यात भजीही गेली. सगळे पांगल्यावर तिने नानांना समोर बसवलं आणि बोट नाचवून सांगितलं, "आता बास. दिवाळीच्या आत जित्या माणसाचं काम मिळालं, तोंडानं बोलायचं, तर करा. नाय तर त्या टीव्हीवाल्यांना सांगा, माझा नवरा मेला. बाराव्यांदा, आन् शेवटचा."

नाना मला कोपऱ्यावर पोचवायला आले. "दिन्या, ती बोलते ते खरं हाय. पण हे बंद झालं तर मी काय करू? परत ओट्यावर बसू?"

मी त्याच टोपीवाल्या डायरेक्टरसाहेबांच्या मागे लागलो. महिनाभर रोज फोन. कधी माझ्या आवाजात, कधी एखाद्या सरपंचाच्या, एकदा तर त्यांच्याच आवाजात. शेवटी कंटाळून त्यांनी काम दिलं. रोह्याजवळ वरश्याला एका बंगल्यात शूटिंग, खाटेवर पडलेले आजोबा, परागंदा झालेल्या मुलाची वाट बघतायत. बोलायला तीन वाक्यं. 'दार लावू नका. तो येईल. जेवण झाकून ठेवा.'

नानांनी ती तीन वाक्यं आठ दिवस घोकली. कारखान्यात जाऊन कच्च्या गणपतींना म्हणून दाखवली. विलास बोलला, "बाबा, बास करा. रंग द्यायच्या आधीच पळून जातील." सगळं पाठ होतं, पण नाना म्हणाले, "दिन्या, तू प्रॉम्टिंगला बस." आमच्या गावच्या नाटकांत विंगेत प्रॉम्टर लागतोच. कित्येकदा नटापेक्षा त्याचंच बोलणं लांब ऐकू जातं आणि लोक वाहवा पण त्यालाच देतात. बंगल्यात विंग नव्हती. खाट होती, तिच्यावरून जमिनीपर्यंत चादर सोडलेली. मी कुणाला न विचारता खाली शिरलो.

चादरीच्या फटीतून मला फक्त डायरेक्टरसाहेबांचे बूट दिसत होते.

"ॲक्शन!"

वर शांतता. मी हळूच म्हटलं, "दार लावू नका." शांतता. "नाना, दार." शांतता. "कट!" झालं आणि वरून "हंऽऽ" आलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काम सुरू, श्वास बंद. आणि श्वास बंद असताना मेलेला माणूस झक्क होतो, बोलणारा कसा होणार?

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. बूट आता जमिनीवर आपटायला लागले होते. "असं करा," साहेब बोलले, "आजोबा मेलेलेच दाखवू. तेच बरं जमतं ह्यांना. वाक्यं सुनेला द्या."

माझ्या डोक्यावर खाट करकरायला लागली. नानांनी खाटेची कड धरली होती. वरून नानांचा आवाज आला, "एक डाव, साहेब."

"शेवटचा हां, आजोबा. ॲक्शन!"

शांतता. माझ्याने राहवेना. मी डोळे मिटले आणि खाटेखालून, नानांच्या आवाजात, श्वास मात्र माझाच, ठणठणीत बोललो, "दार लावू नका. तो येईल. जेवण झाकून ठेवा."

"कट! ओके! वा, आजोबा, वा!" टाळ्या पडल्या. मी सवयीने नमस्काराला उठायला गेलो आणि खाटेची पट्टी डोक्यात बसली.

टाळ्या थांबल्यावर नाना बोलले, "साहेब, तो मी नव्हतो."

"म्हणजे?"

चादर वर झाली. नानांचं तोंड उलटं दिसलं. "दिन्या, भायेर ये."

मी बाहेर आलो, केसांत कोळिष्टकं. साहेब मला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही, संपादकांच्या आईसाहेब अंक वाचतात. पण कानाला हेडफोन लावलेला साउंडवाला मधेच बोलला, "साहेब, आवाज एक नंबर आलाय. ठेवूया की." साहेब थांबले. घड्याळ बघितलं. राग उतरला. "बरोबर आहे. आजोबा, तोंड तुमचं, आवाज ह्याचा. कोणाला कळतंय? जा घरी."

सगळं जमलं होतं. नाना टीव्हीवर बोलताना दिसले असते, काकीची अट पुरी झाली असती. मी नानांना डोळा मारला.

नाना म्हणाले, "मग मला कामच नको."

"काय?"

"साहेब, माझ्या हातनं डोळा बिघडला तर मी पुसतो. दुसऱ्यानं काढलेला माझा म्हणून देत नाय. परत घ्या. नाय जमलं तर मी मेलो, तुमची सून बोलू दे."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण बोलले, "घ्या रे."

नाना आडवे झाले. उजवा हात चादरीवर ठेवला. "ॲक्शन" झालं आणि श्वास बंद झाला, तो होणारच होता. पण ह्या वेळी त्यांचं बोट हललं. चादरीवर एक रेघ ओढली. वरची पापणी. मग खालची. मग बुबुळ. नाना चादरीवर डोळा आखत होते. साहेबांनी "कट" म्हणायला हात वर केला. मी त्यांच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाला असं गप्प करायचं नसतं, पण तिथे कारखान्यासारखी शांतता झाली होती आणि मला शिंकल्याची शिक्षा आठवत होती. डावा डोळा झाला. बोट सरकलं. उजवा झाला.

"हंऽऽ... दार लावू नका." आवाज बारीक, धुळकट. "तो येईल." इथे जरा फाटला. मग दाराकडे बघत, जसं काही घरात रोजच सांगतात तसं, "जेवण झाकून ठेवा."

साहेब "कट" म्हणायला विसरले. मेकअपवाला दादा नानांच्या टॉवेलनेच स्वतःचं नाक पुसत होता. आणि मला इतकी वर्षं न सापडलेला श्वास सापडला. नाना श्वास घेऊन बोलतच नाहीत. काम झाल्यावर जो उरतो, त्याच्यावर बोलतात.

आता नाना सरपंच करतात, पोस्टमन करतात, एकदा न्यायाधीशपण झाले. प्रत्येक वेळी टेबलावर, मांडीवर, कुठेतरी बोट आधी दोन डोळे काढतं. डायरेक्टर लोकांना वाटतं, वा, काय विचार करतोय माणूस. धंद्याचं सांगून झालं. राहिलं ते मी त्या दिवशी खाल्लेलं बोलणं.

वरश्याहून आलो तेव्हा नाना भज्यांचा पुडा ओट्यावर ठेवून सवयीने विहिरीवर गेले. त्या दिवशी मेले नव्हते, तरी. काकी करंज्या भरत होती. मी चुलीपुढे बसलो आणि तिला सगळा प्रकार करून दाखवला, साहेबांच्या बुटांसकट. शेवटी नाना केले. नव्याने सापडलेल्या श्वासासकट. काकी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "गो बाय, हुबेहूब!" तिचं हसू थांबलं तेव्हा मी मागे बघितलं. दारात नाना, ओल्या अंगाने.

"हसू नको गो त्याला," नाना बोलले. "आणि तू. ऐक. चाळीस वरसं डोळे काढले. मूर्ती कारखानदाराची, गणपती गिऱ्हाइकाचा, आणि शेवटी सगळं पाण्यात. माझं म्हणून काय राहिलं? आता कुठं तीन वाक्यं मिळाली, ती पण तू खाटेखाली बसून खाल्लीस? भूक लागली होती तर वडापाव मागायचास!"

"नाना, मी मदत..."

"मदत? माझा हात हालला तेव्हा विलासनं माझा ब्रश ओढून घेतला काय? मी दिला. द्यायचं ते मी देईन. तू घ्यायचं नाय."

मी मान खाली घातली. एवढं एक मला नक्कल न करता जमलं.

"आणि वर माझ्याच चुलीपुढं माझी नक्कल? माझी नक्कल करायची ती मी मेल्यावर!"

इथे गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा बसला असता.

"कितव्यांदा मेल्यावर, नाना?"

काकीच्या हातातली करंजी फुटली. "मुडद्या! दिवाळीच्या तोंडावर माझ्या घरात परत मरणाचं नाव? ऊठ! ऊठ आधी! विहिरीवर जा, डोक्यावरनं पाणी घे. तवर फराळाला हात लावशील तर बघ!"

मी निमूट विहिरीकडे निघालो. मागे काकीने दार आपटायला घेतलं, तेवढ्यात आतून "हंऽऽ" ऐकू आलं.

"दार लावू नको गो. येईल तो. जेवण झाकून ठेव." आणि मग माझ्यासाठी, अंगण ओलांडून विहिरीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात, "पण भजी ठेवू नको त्या भामट्याला!"